डाउवेंचा डावा पाय

"लाथ मार," फेन्ना म्हणाली.

"मारली की," मी म्हटलं.

"मारलीस. पण त्यानंतर काय केलंस?"

"काही नाही."

"उयवाला, तू वाकलीस, त्याच्या नडगीला हात लावलास आणि तोच हात कपाळाला लावलास. हे काय होतं?"

माझं नाव उज्ज्वला. पण त्यातलं जोडाक्षर हॉलंडमध्ये कुणाच्या तोंडात मावायचं नाही, म्हणून तिथे मी कायम उयवालाच राहिले. फेन्ना ही आमची दिग्दर्शिका. उंच, केस पोरासारखे बारीक कापलेले, बोलणं सरळ तोंडावर. तिच्यासमोर आम्ही सातआठ जण गोल मांडलेल्या खुर्च्यांवर हातात केकच्या बश्या घेऊन बसलो होतो. माझ्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, डाउवे बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. लाथ मारायची होती ती त्यांनाच.

मी वाकले होते हे मला खरोखरच कळलं नव्हतं.

"पुन्हा घेऊ या," फेन्ना म्हणाली. "लाथ मारायची आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं केक खायचा. बस. एवढंच."

एवढंच! जयसिंगपूरच्या शिरगुप्प्यांच्या सुनेला, म्हाताऱ्या माणसांकडे पाय करून बसायचीही जिथे चोरी अशा घरातून आलेल्या बाईला, ती सांगत होती एवढंच.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. माझा नवरा श्रीपाल पंपांची डिझाइनं करायचा. त्याच्या कंपनीनं त्याला हिल्व्हर्समला पाठवलं आणि त्याच्यामागून मी गेले. हिल्व्हर्सम हे त्यांचं टीव्हीचं गाव. आपल्याकडे इचलकरंजी जशी मागाची, तशी तिथे गल्लीबोळात स्टुडिओ. तिथे मी भाषा शिकले, सायकल शिकले, थंडीत कपडे वाळवायला शिकले, आणि तरी कुणी विचारलं, तू काय करतेस, की माझी बोलती बंद व्हायची. सांगलीला कॉलेजात मी एकांकिका गाजवल्या होत्या. म्हणजे उत्तेजनार्थ बक्षिसं मिळवली होती, पण दर वर्षी मिळवली होती. आणि आता मी कोण, तर श्रीपालची बायको. दिवसभर घरात पडदे सरळ करत हिंडायचं. श्रीपाल चांगला होता, त्याचा काही दोष नव्हता. पण कधीकधी मी आरशासमोर उभी राहून जुन्या एकांकिकेतली वाक्यं म्हणायची आणि मग स्वतःचीच लाज वाटून गॅस पुसायला घ्यायची.

तेवढ्यात ही मालिका आली. झ्वालुव नावाच्या एका विक्षिप्त कुटुंबाची, हसवता हसवता मध्येच डोळ्यांत पाणी आणणारी. झ्वालुव म्हणजे पाकोळी पक्षी. आजोबा, म्हणजे डाउवे, घरातल्या बाथटबमध्ये बदकं पाळतात. आई केसांचे टोप विकते आणि स्वतःला पूर्ण टक्कल आहे हे गावापासून लपवते. मुलगा बागेत मोडक्या रुग्णवाहिकेत राहतो. पहिलं वर्ष तुफान चाललं होतं. दुसऱ्या वर्षी तो मुलगा भारतात जाऊन लग्न करून येतो असं लेखकांनी ठरवलं आणि त्यांना सून हवी होती. सुनेचं नाव शांती. तिकडच्या लेखकांना आपल्या बायकांचं दुसरं नाव सुचत नाही. माझ्या डच शिकवणीच्या बाईंनी मला तिथे धाडलं, आणि तीन चाचण्या पार करून मी त्या खुर्चीत येऊन बसले होते.

पण काम अजून पक्कं नव्हतं. एक दिवस चित्रीकरण करून बघायचं, संध्याकाळी निर्माता सांगणार, असं ठरलेलं. आणि त्या दिवसाचा सगळा जीव त्या लाथेत होता. आजोबांचा वाढदिवस आहे. तिकडच्या रीतीप्रमाणे सगळे गोल बसलेत, एकमेकांचं अभिनंदन करतायत. वाढदिवस एकाचा आणि अभिनंदन सगळ्या नातेवाइकांचं. आईची गिऱ्हाइकंही आलीत. आजोबांच्या जिभेला हाड नाही. ते आपल्या सुनेच्या, म्हणजे त्या आईच्या, टकलाची गोष्ट सांगायला तोंड उघडतात, आणि घरात नवी आलेली, मान वर न करणारी शांती त्यांना सणसणीत लाथ घालते. तिथून ती झ्वालुव होते. फेन्नानं मला सकाळीच सांगितलं होतं, "या लाथेवर पुढचं सगळं वर्ष उभं आहे."

दुसऱ्या वेळी मी लाथ मारली आणि हात बशीला घट्ट धरून ठेवला. तर बशीसकट हात खाली गेला. केक डाउवेंच्या बुटावर.

तिसऱ्या वेळी मी उजवा हात मांडीखाली दाबून बसले. पाय लागला, आणि डावा हात गेला.

चौथ्या वेळी दोन्ही हात दाबले. मग मानच लवली. कॅमेऱ्यामागे कुणीतरी खुसकन हसलं. फेन्ना हसली नाही. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती शांत झाली. कोपऱ्यात बसलेला निर्माता उठून बाहेर गेला आणि मला दारातून त्याचा फोनवरचा आवाज ऐकू आला. रॉटरडॅमची एक नटी होती, तिचं नाव मी चाचणीच्या वेळी ऐकलं होतं. आता पुन्हा ऐकलं.

"कॉफी," फेन्ना म्हणाली. "पंधरा मिनिटं."

मी एका मोठ्या दिव्याच्या आडोशाला जाऊन उभी राहिले. चित्स्के म्हणून आमची रंगभूषाकार होती, गोल चेहऱ्याची, मायाळू. तिनं बिस्किटाचा डबा आणला. तिकडे बिस्किट एकच घ्यायचं, मग डबा बंद. तिनं माझ्यापुढे तो दोनदा धरला, त्यावरून मी ओळखलं की माझं काही खरं नाही.

इतक्यात डाउवेंनी चमच्यानं मला जवळ बोलावलं.

हा माणूस सकाळपासून माझ्याशी एक अक्षर बोलला नव्हता. कुणाशीच बोलत नसे. देशभरातली पोरंबाळं त्यांना आजोबा म्हणायची, आणि स्टुडिओत सगळे त्यांना वचकून असायचे. तिकडे सगळे सगळ्यांना अरेतुरे करतात, पण डाउवेंना तू म्हणणं मला शेवटपर्यंत जमलं नाही. मी त्यांना डच भाषेतलं अहोजाहो घालायची आणि ते दर वेळी तोंड वाकडं करायचे.

"बस," ते म्हणाले. "सकाळपासून माझ्या पायाची कसली माफी मागतेस?"

"आमच्याकडे कुणाला पाय लागला की नमस्कार करतात."

"पण तुला लाथ मारायला सांगितलंय."

"ते मला कळतं. हाताला कळत नाही."

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, जणू तो वेगळा कुणी माणूस आहे.

"माणूस नालायक असला तरी नमस्कार?"

"तरी."

"पुस्तकाला पाय लागला तर?"

"मग तर नक्कीच."

"असल्या पुस्तकाला?" त्यांनी मांडीवरची मालिकेची संहिता उचलून दाखवली. मला हसू आलं. दिवसभरातलं पहिलं.

"आणि झोपेत लागला तर?"

"लहानपणी मी आजोबांजवळ झोपायची," मी म्हटलं. "रात्रभर लाथा झाडायची. सकाळी नमस्कार करायला गेले की ते म्हणायचे, नातीच्या लाथेला माफी नसते, चल पळ."

"शहाणा माणूस." त्यांनी चमचा बोटांत फिरवला. मग म्हणाले, "आणि टेबलाच्या पायाला लागला तर?"

"त्याला कसला नमस्कार? उलट टेबलालाच दोन शिव्या देतो आम्ही."

"हं." त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "माझ्या या पायाकडे बघ. डाव्या. ऐक."

ते वाकले आणि हातातल्या चमच्यानं पँटवरून नडगीवर मारलं. टक. टक. कोरडा, भरीव आवाज.

"लाकूड," ते म्हणाले. "गुडघ्याखाली सगळं. उजवा माझा, डावा सुताराचा."

"कधी?" मी विचारलं.

"तरुण होतो. बर्फ पडलं होतं. ट्राम होती. पुढचं विचारू नकोस. हे इथे कुणालाही माहीत नाही. विमावाल्यांना कळलं तर ते मला घरी बसवतील. तूही कुणाला सांगायचं नाही. नवऱ्यालाही नाही."

"नाही सांगणार."

"आणि टेबलाला मारतात तशी मार. हळू मारलीस तर मला कळणारही नाही कधी ओरडायचं ते."

मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. एवढा मोठा नट, आयुष्यभर लपवलेली गोष्ट, आणि ती सांगितली कुणाला, तर सकाळपासून त्याचा वेळ खाणाऱ्या माझ्यासारखीला. आता नाही मारली तर मी कशाला जन्माला आले, असं मला वाटलं.

आम्ही परत गोल बसलो. डाउवेंनी तोंड उघडलं, "आमच्या या सूनबाईंच्या केसांची गंमत सांगू का..." आणि मी बुटाच्या टोकानं अशी लाथ हाणली की माझाच अंगठा झिणझिणला.

डाउवे कळवळले. खुर्चीतून अर्धे उठले, तोंडातून शब्द फुटेना, आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी केकचा तुकडा तोंडात टाकला आणि छताकडे बघितलं. हात जागचा हलला नाही.

"कट," फेन्ना म्हणाली, आणि मग अख्खा स्टुडिओ हसला.

मी मनात म्हटलं, काय नट आहे! लाकडाला लागलंय आणि डोळ्यांत पाणी खरं आहे. सांगलीत आम्ही ग्लिसरीन लावूनही कोरडेच असायचो.

फेन्नाला मग तेच बाजूनं हवं होतं, मग पायांच्या जवळून, मग डाउवेंच्या चेहऱ्यावरून. मी दर वेळी जीव ओतून मारली. त्यांचा अभिनय दर वेळी वाढतच गेला. शेवटी तर त्यांच्या कपाळावर घाम आला, आणि मी मान डोलावून दाद दिली. संध्याकाळी निर्मात्यानं माझा हात हातात घेऊन सांगितलं, सोमवारी सकाळी सात वाजता ये.

श्रीपालला मी त्याच रात्री सगळं सांगितलं. नवऱ्यालाही सांगू नकोस असं डाउवे म्हणाले होते खरं, पण मी ते मराठीत सांगितलं, आणि मराठीत सांगितलेलं हॉलंडमध्ये कुठे पोहोचतंय?

"काय सांगतीस!" श्रीपाल जेवताना थांबला. "लाकडाचा? आणि त्या पायानं हा माणूस दिवसदिवस उभा राहतोय?"

"हळू बोल."

"अगं, आपल्याला कोण समजतंय इथं! पण मानलं पाहिजे हं. मानलं पाहिजे."

त्या दिवसापासून श्रीपाल डाउवेंचा भक्त झाला. कधी कुणाचा वाढदिवस असो, मालिकेची मेजवानी असो, हा आधी एक खुर्ची शोधून त्यांच्यामागे नेऊन ठेवायचा. पायऱ्या आल्या की हात पुढे करायचा. डाउवे आधी चमकले, मग माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. मग त्यांनी गंभीरपणे श्रीपालचा हात धरला आणि लंगडत लंगडत पायऱ्या चढले. त्यानंतर श्रीपाल दिसला की ते लंगडायचेच.

"उज्ज्वला," एकदा घरी येताना श्रीपाल म्हणाला, "आज ते उजव्या पायानं लंगडत होते गं."

"दमले असतील. सगळा भार त्याच पायावर येतो ना."

"असंल," तो म्हणाला. इंजिनियर माणूस, पण भक्तीत पडल्यावर हिशेब करत नाही.

ती लाथ लोकांना एवढी आवडली की लेखकांनी तिची सवयच लावून घेतली. आजोबा भलतं काही बोलणार, की शांतीची लाथ. चर्चमध्ये लाथ, बँकेत लाथ, बदकाच्या अंत्यसंस्काराला लाथ. मी नेहमी डाव्याच पायाला मारायची, आणि निर्धास्त मारायची. बाजारात अनोळखी बायका मला थांबवून विचारायच्या, आजोबांना फार लागत नाही ना? मी मोठ्या समजुतीनं हसायची. आजही तो तुकडा मोबाइलवर फिरतो, माझी भाची जयसिंगपूरहून विचारते, "मामी, एवढ्या म्हाताऱ्या माणसाला तू लाथ मारलीस तरी कशी?" मग मला ही सगळी गोष्ट सांगावी लागते.

त्यानंतर तीन वर्षं मालिका चालली, आणि तीन वर्षांत माझी मी झाले. लोक श्रीपालला विचारू लागले, तू उयवालाचा नवरा ना? तो खुशीत मान डोलवायचा.

शेवटचा भाग संपला तेव्हा डाउवेंनी सगळ्यांना त्यांच्या गावी बोलावलं. उत्तरेला, फ्रीसलंडमध्ये, एका मोठ्या तळ्याच्या काठी त्यांचं लहानसं घर होतं. जून महिना, ऊन छान पडलेलं, गवतावर चादरी अंथरलेल्या. मी साडी नेसून गेले होते, कारण सगळ्यांनी तसा हट्ट धरला होता. मी कागदी बशीत बटाट्याचं सॅलड घेत होते. जयसिंगपूरला सासूबाई जैन, बटाट्याला हात लावत नाहीत, आणि त्या देशात बटाटा सोडला तर उपाशीच मरायचं, असा तो प्रकार. चित्स्के शेजारी उभी होती, आणि श्रीपाल डाउवेंसाठी खुर्ची शोधायला घरामागे गेला होता. तेवढ्यात डाउवे घरातून बाहेर आले. अंगात जुनाट पोहण्याची चड्डी, खांद्यावर टॉवेल.

खाली दोन पाय.

दोन्ही पांढरेफटक, दोन्ही किडकिडीत, दोन्हीवर शिरा. ते खुशाल चालत पाण्याकडे निघाले. अजिबात लंगडत नव्हते. डाव्या नडगीवर, बरोबर बुटाचं टोक लागेल त्या जागी, पिवळसर काळा डाग होता.

"चित्स्के," मी म्हटलं, "त्यांचा पाय..."

"तुझीच कृपा," चित्स्के हसत म्हणाली. "पहिल्या दिवशी तर महिनाभर पुरेल एवढं निळं झालं होतं. मी बर्फ लावत बसायची. उयवालाला सांगितलंस तर बघ, म्हणायचा. पुढे हॉकीवाल्यांचं नडगीला बांधायचं ते आणलं, तेव्हा कुठे निभावलं. तरी कधी विसरायचा."

मी बशी गवतावर ठेवली आणि साडीसकट पाण्यात शिरले.

तळं उथळ होतं. डाउवे गुडघाभर पाण्यात कमरेवर हात ठेवून उभे होते.

"टक टक वाजलं होतं!" मी ओरडले. मला दुसरं काही सुचेना.

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे, आणि म्हणाले, "अरे देवा. विसरलोच."

"टक टक कसं वाजलं?"

"चमचा पायावर, आणि दुसरा हात खुर्चीखाली. बोटांच्या पेरांनी. लहान मुलांच्या नाटकात चाळीस वर्षं दारं वाजवलीत मी."

"तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं."

"येईल नाहीतर काय. तुझा पाय आहे की घोड्याचा?"

मला रडू कोसळलं. तीन वर्षं! चर्चमध्ये, बँकेत, बदकाच्या अंत्यसंस्काराला! "का केलंत हे?" मी विचारलं. "रॉटरडॅमची ती होती की. तिनं एका फटक्यात मारली असती."

"मारली असती," डाउवे म्हणाले. "चांगली मारली असती. निर्मात्यानं तिला फोनही केला होता, मी ऐकला. पण मला लाथ मारून वाईट वाटणारी हवी होती. मी सगळ्या मालिकेत त्या घरात एकटा म्हातारा. घरात तशी एक तरी लागते." मग नेहमीसारखं तोंड वाकडं करून म्हणाले, "आणि तीन वर्षांत तुला एकदाही वाईट वाटलं नाही. फसलो मी."

मी रडता रडता हसले आणि वाकले. पाण्यातून हात त्यांच्या नडगीपर्यंत नेला, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"नातीच्या लाथेला माफी नसते," ते म्हणाले. "चल पळ."

"अगं, त्यांना धर, धर!" काठावरून श्रीपालचा आवाज आला. तो डोक्यावर खुर्ची घेऊन धावत येत होता. "पाण्यात कशाला नेलंस त्यांना? लाकूड फुगंल की!"

त्याला अजून काही कळलं नव्हतं. त्यानं पँट वर न करता तशीच पाण्यात खुर्ची रोवली, दोन्ही हातांनी तिची पाठ धरली आणि डाउवेंना डचमध्ये म्हणाला, "बसा." डाउवेंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि लंगडत लंगडत, चिखलातून तोल सावरत, ऐटीत त्या खुर्चीवर जाऊन बसले. पाय लांब केले. डावा पाय पाण्यातून येऊन माझ्या घोट्याला लागला.

तो मुद्दाम लावला की चुकून, ते मला कळलं नाही. पण ते वाकले. उजवा हात पाण्यात घातला, माझ्या पायाला लावला, आणि तोच हात, थेंब गळत असताना, आपल्या कपाळाला लावला. मी त्यांच्यासमोर हे केलं होतं ते एका सकाळी, तीन वर्षांपूर्वी. त्यांनी ते जसंच्या तसं ठेवलं होतं.

श्रीपाल पाठीमागून खुर्ची घट्ट धरून उभा होता. "बघ," तो मला म्हणाला, "किती रीत आहे माणसाला."